आधी भांडी वाजतात

आमच्या घरी भूकंप पहिल्यांदा आला तो आईच्या मांडणीवर. कुडाच्या भिंतीला बाने सागाची एक फळी बसवली होती. तिच्यावर जर्मनची पातेली, एक पितळी तांब्या आणि कडेने उभ्या लावलेल्या स्टीलच्या ताटल्या, असा आमचा सगळा संसार. दिवाळीची सुट्टी होती. मी नाशिकहून आले होते, धाकटी सुमन गावच्याच आश्रमशाळेतून घरी आली होती. आई चुलीपुढे नागलीची भाकर थापत होती. एकाएकी ताटल्या किणकिणायला लागल्या, जीपमधून भांडी नेताना वाजतात तशा. आई मागे न बघता म्हणाली, "सुमे, मांजर खाली घे गं." मांजर तर चुलीच्या उबेला पसरलं होतं. सुमन काही बोलणार तेवढ्यात घर डुललं. आढ्याला टांगलेलं शिंकं एका अंगाला गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. कुडाची भिंत टोपली दाबल्यावर कुरकुरते तशी कुरकुरली आणि गप्प झाली. भाकर तव्यावर तशीच होती. आईने ती उलटली, आणि मग विचारलं, "काय झालं?"

आमचं घर कारवीच्या काठ्यांचं, वरून शेणमातीचा लेप. सुरगाण्याच्या डोंगरात तेव्हा सगळ्यांची घरं तशीच. वारा सुटला की भिंती बोलायच्या. नव्या माणसाला झोप लागायची नाही आणि आम्हाला त्या आवाजाशिवाय लागायची नाही. नाशिकच्या वसतिगृहात पहिले कित्येक दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सिमेंटची भिंत काहीच बोलत नाही. घरी गेल्यावर खुरासणीची चटणी, उडदाचं भुजं आणि भिंतींची कुरकूर, ही तीन सुखं. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा कोणापाशी बोलले नव्हते, कारण खोलीतल्या मृणालने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुमच्याकडे लाईट आहे का गं?" मी म्हटलं, "आहे ना. सकाळी वरून येते." तिला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तिने मला पुन्हा तसलं काही विचारलं नाही, आणि पुढे आमची चांगली मैत्री झाली.

भूशास्त्र मी हौसेने घेतलं असं सांगितलं तर खोटं होईल. प्रवेशाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "याला फारसं कोणी येत नाही, जागा आहेत, तू घे." मी घेतलं. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी. कोणता विषय चांगला आणि कोणता वाईट हे विचारायचं कोणाला? पण त्या रिकाम्या वर्गात पिंगळे बाई होत्या. उंच, काटकुळ्या, खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांच्या. भूकंपाच्या लाटा शिकवायच्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात एकामागे एक उभं केलं आणि पुढच्याच्या पाठीला तळहात टेकवायला सांगितले. सगळ्यात मागच्या मुलाला म्हणाल्या, "ढकल." धक्का पाठीपाठीतून पुढे गेला आणि पहिली मुलगी भिंतीवर आपटली. "ही पहिली लाट. ढकलत जाते. हिचा वेग जास्त, म्हणून आधी पोचते." मग म्हणाल्या, "आता खांदे घट्ट धरा." मागच्या मुलाला त्यांनी बाजूला ओढलं. ओळ सापासारखी वळली, आणि ते वळण हळूहळू पुढे सरकत गेलं. "ही दुसरी. आडवी हलवते. उशिरा येते, पण जास्त हलवते ती हीच."

एवढं झाल्यावर त्यांनी एक गोष्ट विचारली, ती माझ्या डोक्यातून आजवर गेलेली नाही. "आता सगळ्यांनी खांदे सोडा. नुसते तळहात टेकवून पुढच्याला ढकलता येतं का?" येत होतं. "आणि धरल्याशिवाय बाजूला ओढता येतं का?" नाही येत. बाई म्हणाल्या, "पाण्याचं असंच असतं. पाणी ढकलतं, धरत नाही. म्हणून दुसरी लाट पाण्यातून, कुठल्याही पातळ पदार्थातून जात नाही. पृथ्वीच्या एका बाजूला मोठा भूकंप झाला की पलीकडच्या बाजूच्या यंत्रांवर ही दुसरी लाट सरळ येतच नाही. मधे कुठेतरी अडते. त्यावरून माणसाला कळलं की पृथ्वीच्या पोटात वितळलेला थर आहे. कोणी तिथे गेलं नाही. जाणारही नाही." त्या रात्री मेसमधल्या पातळ वरणाकडे बघून मला हसू आलं, यातून दुसरी लाट जाणार नाही म्हणून. मृणालने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, वरण धरत नाही." आज मी स्वतः शाळेत शिकवते. दरवर्षी पोरींना ओळीत उभं करते. दरवर्षी पहिली पोरगी भिंतीवर आपटते आणि बाकीच्या खिदळतात.

तर दिवाळीत घर डुललं तेव्हा मी चुलीपाशी बसल्या बसल्या आईला म्हटलं, "आये, भूकंप झाला. आधी भांडी वाजली ती पहिली लाट, मग शिंकं हललं ती दुसरी." आई म्हणाली, "आधीपण झालंय असं. भाताच्या आवणीच्या टायमाला. तेव्हाबी आधी भांडीच वाजली होती." आईला लाटा माहीत नव्हत्या, तिला भांडी माहीत होती. तिच्या मते डोंगऱ्या देव आधी दार वाजवतो आणि मग आत येतो. मी तिच्याशी वाद घातला नाही. दोन्हींत क्रम एकच होता.

सुट्टी संपली तरी धक्के थांबले नाहीत. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला जमिनीतून गडगड यायची, भांडी वाजायची. पेपरात 'गूढ आवाज' म्हणून छापून आलं. किल्लारीचं नाव तेव्हा घरोघरी ताजं होतं, त्यामुळे लोक घाबरले. मी पिंगळे बाईंना सांगितलं की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी आमच्या गावावरच करते. बाई म्हणाल्या, "जा. पण ऐकीव लिहू नकोस. स्वतः बघ." आणि एक भिंग हातात ठेवलं.

गावात पोचले तो मार्गशीर्ष लागला होता. डोंगऱ्या देवाचे दिवस. व्रत धरलेले पुरुष अनवाणी, पावरीच्या सुरावर गोल धरून नाचत, दणादण पावलं टाकत. भात काढून झालं होतं, आणि हे दिवस सरले की सगळा पाडा जीपमध्ये कोंबून दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांवर जाणार होता. मोठी माणसं बागेत, पोरं आश्रमशाळेत, हा दरवर्षीचा रिवाज. आश्रमशाळेची इमारत म्हणजे आमच्या भागातली पहिली पक्की इमारत. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर स्लॅब. तिच्यासाठी गावाने अर्ज केले होते, बाने स्वतः डोक्यावरून दगड वाहिले होते. बागेवर निघताना तो दरवर्षी म्हणायचा, "लेकरं पक्क्यात हायेत. घोर नाय."

यंदा त्या पक्क्या भिंतीला कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. माझं बोट आत जात होतं. आणि त्या भिंतीला लागून मुलींच्या वळकट्या होत्या. सुमनची कोपऱ्यातलीच.

शाळेच्या कोठारखोलीत भूकंप मोजायचं यंत्र बसवलं होतं. फिरणारं नळकांडं, त्यावर कागद, कागदावर सुईसारखी लेखणी. ते सांभाळायला शहरातून एक साहेब आले होते. गोरे, गोल चेहऱ्याचे, गळ्यात मफलर, स्वभावाने वाईट नव्हते. मला पाहून त्यांना आनंदच झाला, कारण गप्पा मारायला कोणी नव्हतं. मी विचारलं, "सर, इथे रोज धक्के बसतात, ते यात दिसतात का?"

"यात काय सगळंच दिसतं." त्यांनी कालचा कागद उलगडला. "पण हे धक्के नव्हेत गं. तुमचे लोक नाचतात ना दिवसरात्र, ती पावलं आहेत. मी कळवलंय तसं वर."

"सगळीच पावलं?"

"नाचणं तुमच्या रक्तातच आहे," साहेब हसून म्हणाले. कौतुकाने म्हणाले, हे मला दिसत होतं. मला राग आला तो त्यामुळेच. शिवी दिली असती तर परत देता आली असती.

मी भिंग लावलं. कागदावर दोन तऱ्हेच्या खुणा होत्या. एक तऱ्हा काटेरी कुंपणासारखी, उभी, लगेच विझणारी. दुसरीत आधी बारीक थरथर होती, मग थोडी जागा, मग मोठा फराटा आणि लांब शेपूट. मी म्हटलं, "सर, ही दुसरी पावलं नाहीत. पाऊल यंत्राच्या इतकं जवळ पडतं की दोन्ही लाटा एकदमच येतात. मधे जागा राहतच नाही. जागा आहे म्हणजे लाट लांबून आलीय."

"बरं," साहेब म्हणाले, "सिद्ध कर."

मी बाकडे गेले. तो व्रतात नव्हता, पण त्याचा मोठा भाऊ होता. मी म्हटलं, "शाळेच्या अंगणात थोडा वेळ नाचतील का? यंत्राजवळ. पावलांची खूण बघायची आहे."

बाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "देवाचं पाऊल यंत्रासाठी टाकायचं? नाशकात हेच शिकवतात का गं?"

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस. तुझं यंत्र."

आई उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मुसळं चालतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यातल्या बायका मुसळं खांद्यावर टाकून शाळेच्या अंगणात आल्या. असा मोर्चा त्या साहेबांनी पाहिला नसावा. मफलर सावरत ते दारात आले. "हे काय?"

"भात कांडायला आलोत," माझी काकू, यमुनाबाई, म्हणाली. "यंत्राला खायला घालायला."

"अहो, पण भात कुठंय?"

"तुम्ही मुसळं मोजा, साहेब. भाताचं आम्ही बघू."

बायकांनी कोठारखोलीच्या भिंतीबाहेर ताल धरून मुसळं आपटली. आत लेखणी उड्या मारत होती, अगदी काटेरी कुंपण. मी दारातून हात केला, मुसळं थांबली, आणि रेघ जागच्या जागी सरळ झाली. शेपूट नाही, थरथर नाही, मधली जागा नाही. पुन्हा हात केला, पुन्हा कुंपण. यमुनाकाकू घाम पुसत विचारत होती, "भरलं का गं त्याचं पोट?" मी कालचा कागद शेजारी धरला आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं. "यातली मधली जागा मोजा, सर. कागद किती वेगाने फिरतो ते तुम्हाला माहीत आहे. जितके सेकंद, त्याच्या साधारण आठपट किलोमीटर. इथून जवळच्याच कुठल्या तरी डोंगराखालून येतंय हे."

साहेबांनी भिंगातून बघितलं नाही. भिंग माझ्या हातात परत दिलं. मग बायका अंगणातून पांगल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "हिरा, मला दोन लाटांमधला फरक तू शिकवायची गरज नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"धक्के लहान आहेत. घाबरवणारं काही लिहिलं की वरून विचारणा, पेपरवाले, पुढारी. तू म्हणतेस तर उद्या मी लिहीन. मग वरून कोणीतरी येईल, पाहील."

"तोवर मुली त्या भिंतीखाली झोपतात."

"मी भूकंप मोजतो," ते म्हणाले, "इमारती नाही."

हे वाक्य मी पुढे पुष्कळ तोंडांतून ऐकलं, वेगवेगळ्या शब्दांत. प्रत्येकाचं काही ना काही मोजायचं काम असतं आणि जे मोडायला आलंय ते नेमकं त्याच्या कामात बसत नाही. तोवर मला वाटत होतं की जे खरं आहे ते दाखवून दिलं की झालं. त्या सकाळी कळलं की खरं त्यांना आधीपासून दिसत होतं.

मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "चीर जुनी आहे. आणि धक्का बसला तर काय करायचं ते मी मुलींना शिकवून ठेवलंय. तू काळजी करू नकोस." काय शिकवलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं तेव्हा वाटलंही नाही, कारण माझं लक्ष चिरेवर होतं. मी म्हटलं, "मुलींना बाहेर झोपवा. मैदानात मांडव घालू."

"इमारत शासनाची, मुली शासनाच्या ताब्यात. माझ्या जबाबदारीवर मी त्यांना उघड्यावर झोपवू?"

"मुली आमच्या आहेत, सर."

"मग घेऊन जा घरी. नाव कापतो."

घरी घेऊन जायचं म्हणजे कोणाच्या घरी? पुढच्या आठवड्यात घरांना कड्या लागणार होत्या. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

बाशी भांडण झालं ते त्या संध्याकाळी. आई वाढत होती, नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण. मी म्हटलं, "बा, सुमीला त्या इमारतीत ठेवून जायचं नाही." त्याने घास खाली ठेवला. माझा बा हळू बोलणारा माणूस. चिडला की आणखी हळू बोलायचा.

"ती भिंत मी वाहिलीय. डोक्यावरून."

"ठाऊक आहे."

"कुडातून बाहेर पडावी म्हणून तुला शिकवली. आता शिकून येऊन सांगतेस, पोरींना कुडात झोपवा?"

"कूड हलतो, बा, म्हणून मोडत नाही. दगडाची भिंत हलत नाही. जड असते, एकमेकाला धरलेली नसते. हलली की एकदम सुटते. आणि वर स्लॅब आहे."

"सरकारला कळत नाय, तुला कळतं."

"हो," मी म्हटलं. "मला कळतं."

आईने भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला. "जेव आता. कळतं तर जेव." बा उठून बाहेर गेला. आज मला वाटतं, त्या 'हो'साठी मी कॉलेजात गेले होते. बाला ते तेव्हा टोचलं आणि त्याचं टोचणं खरं होतं. ज्या दगडांनी त्याची मान दुखावली होती, त्यांच्यावर त्याची पोरगी शंका घेत होती.

पुढचा धक्का भरदुपारी आला. आम्ही चौघं जेवायला बसलो होतो, आई, बा, मी आणि काकू. मांडणीवरची भांडी वाजली. या खेपेला किणकिण नव्हती, खणखण होती, आणि जमिनीतून ट्रक जावा तसा आवाज. मी ओरडले, "बसा, उठू नका," कारण मला माहीत होतं की अजून यायचं आहे. ती मधली जागा मी कागदावर भिंगातून पाहिली होती. जेवणाच्या ताटावर बसून ती फार मोठी वाटली. मग आलं. घर डाव्या अंगाला कललं, उजव्या अंगाला कललं, काकूच्या हातातला तांब्या सांडला, कुडावरची शेणमाती ढलप्याढलप्याने ताटात पडली. आणि थांबलं. कारवीच्या काठ्या जागच्या जागी होत्या. कोणाला खरचटलंही नाही.

मग शाळेकडून पोरींच्या किंकाळ्या ऐकू आल्या.

बा माझ्या आधी धावला. मी मागे, मुसळांच्या मोर्च्यातल्या सगळ्या बायका मागे. पोरी मैदानात असतील असं मला वाटलं होतं. जेवणाची सुट्टी होती, त्या मैदानातच असायला हव्या होत्या. मैदान रिकामं होतं. ताटं तिथेच पडली होती. किंकाळ्या इमारतीतून येत होत्या आणि दाराला बाहेरून कडी होती.

हेच त्यांनी शिकवून ठेवलं होतं. धक्का बसला की सगळ्यांनी धावत पक्क्या इमारतीत शिरायचं, आणि घाबरून कोणी बाहेर पळू नये म्हणून मुख्याध्यापक कडी लावणार. वाईट हेतूने नाही. आमच्या भागात पक्कं म्हणजे सुरक्षित, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. पाऊस आला, वारा आला, बिबट्या आला, तर पक्क्यात जायचं. बा तेच म्हणत आला होता, सगळा पाडा तेच म्हणत होता. मुख्याध्यापकही कुठल्या तरी कुडाच्याच घरात वाढले होते.

ते कडीपाशीच उभे होते, पांढरेफटक. "थांबा, अजून धक्के येतील, आत सुरक्षित..." म्हणत होते. बाने त्यांना हाताने बाजूला केलं, ढकललं नाही, पडदा सारावा तसं केलं, आणि कडी काढली. आत धूळ भरली होती. कोपऱ्यातली चीर आता हात जाईल एवढी झाली होती. वरून निसटलेला एक दगड सुमनच्या वळकटीवर पडला होता, घमेल्याएवढा. वळकटी दुपारची गुंडाळलेलीच होती. सुमन पलीकडच्या भिंतीशी दुसऱ्या पोरींना कवटाळून बसली होती.

बाने तिला उचललं नाही. आधी तो त्या दगडापाशी गेला, वाकला, त्यावर हात ठेवला. मग उठून म्हणाला, "चला गं पोरींनो. बाहेर." आणि दाराशी, मुख्याध्यापकांजवळ, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आता कोणी आत जायचं नाय."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने कोयता घेतला. त्याच्यामागे चारदोन माणसं गेली, बांबू आले, कारव्या आल्या, बायकांनी मैदानातच शेणमाती कालवली. व्रतवाल्यांना घरचं काम वर्ज्य होतं. ते नुसते उभे राहून सूचना देत होते आणि काकू त्यांना म्हणत होती, "तुम्ही देवाचं बघा, आमचा कूड वाकडा असू द्या." सात-आठ पोरी काठ्या धरून उभ्या. दोनएक दिवसांत एक लांबलचक कूड उभा राहिला, पेंढ्याने शाकारलेला, हलका. छप्पर अंगावर आलं तरी पोर मरू नये असा.

मुख्याध्यापकांनी हजेरीपट काढलाच. नावं कापीन म्हणाले. आई पुढे झाली. आईला लिहिता येत नव्हतं, सरकारी माणसापुढे ती आजवर कधी बोललेली मी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "काप. पण सगळ्यांची काप. एक नाव ठेवू नको. मग तू कोणाला शिकवशील ते सांग." नावं राहिली.

काही दिवसांनी तालुक्याहून एक अधिकारी जीपने आले. कूड पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. "मुलींना उघड्यावर झोपवायची परवानगी कोणी दिली?"

"कोणी नाय दिली," बा म्हणाला.

"मग?"

"मग काय. झोपतात."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस होता. "तू शिकलेली दिसतेस. यांना समजाव."

मी म्हटलं, "मीच समजावलंय, साहेब."

द्राक्षाच्या बागांना पाडा गेला, पण सगळा नाही गेला. बायकांनी पाळी लावून घेतली. एकेका घरची बाई मागे राहून पोरींजवळ कुडात झोपायची. बागमालक कुरकुरले, पुढच्या साली नका येऊ म्हणाले आणि पुढच्या साली त्यांनीच जीप पाठवली. मी माझा प्रकल्प त्या कुडात बसून लिहिला. पिंगळे बाईंनी मुसळांचं पान वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "हे परीक्षकांना आवडणार नाही. अजिबात बदलू नकोस." परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "मुसळ हे काय वैज्ञानिक उपकरण आहे का?" मी म्हटलं, "तुमच्याकडे दुसरं होतं का, सर?" गुण बेताचे मिळाले. पदवी मिळाली. बाने ती चौकटीत घालून मांडणीवर, ताटल्यांच्या मागे, ठेवली.

धक्के पुढच्या पावसाळ्यापर्यंत कमी होत गेले आणि थांबले. असे ते येतात आणि जातात. कधी येतील, कधी जातील, हे आजही कोणाला सांगता येत नाही. जो सांगतो तो खोटं बोलतो. ती इमारत मात्र पडली नाही. मागाहून भिंत उतरवून नव्याने बांधली, लोखंड घालून, आणि ती आजही उभी आहे. गावी गेले की कोणी ना कोणी टोकतंच. परवा माझा चुलतभाऊ चहा पिताना म्हणाला, "काय गं ताई, तुझी शाळा अजून पडली नाय." बाकीचे हसले. तो चांगला माणूस आहे, त्याची लेक तिथेच शिकली. पण त्याला उत्तर द्यायला हवं होतं आणि मी दिलं. म्हटलं, "इमारत पडेल असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पोरी तिच्याखाली झोपणार नाहीत एवढंच म्हटलं होतं. आणि नाही झोपल्या."